भादव्यातलं टेबल, आखाजीची चीर

आधी वस्तू कोणती ते सांगतो. जेवणाचं टेबल, सहा माणसांचं. लांबी ५ फूट, रुंदी ३४ इंच, उंची ३० इंच. टॉप जुन्या सागाच्या सात फळ्या कडेला कड चिकटवून केलेला, जाडी एक इंच. पाय अडीच बाय अडीच इंचाचे, आणि पायांना चौफेर बांधणाऱ्या फ्रेमच्या पट्ट्या ४ इंच रुंद. बनवणारा मी. शाळेत विज्ञान शिकवतो. त्याआधीचं सुतारकाम म्हणजे देवघरातलं एक फडताळ आणि आईसाठी केलेला एक पाट. जागा जळगावातल्या आमच्या घरामागचं पत्र्याचं शेड, काळ ऑगस्ट-सप्टेंबर २०२४, म्हणजे श्रावण-भाद्रपद. टॉपला चीर पडली २१ एप्रिल २०२५ च्या रात्री. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० तारखेला होती आणि दोन्ही बहिणी माहेरी यायच्या होत्या.

टेबल हवं झालं ते आबांच्या गुडघ्यांमुळे. जन्मभर पाटावर मांडी घालून जेवलेला माणूस खुर्चीवर बसून मांडीवर ताट घ्यायला लागला, तेव्हा आईच म्हणाली, "आता काहीतरी कर." विकतची टेबलं पाहिली. बहुतेक भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांची, वर लाकडाचा कागद. आमच्याकडे तर लाकूड पडलेलंच होतं.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी धाब्याचं घर होतं. सागाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर बारीक कड्या, वर पाल्याचा थर आणि हातभर माती. चुलत्यांनी ते उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा दोन तुळया मी टेम्पोत घालून आणल्या. धुराने काळ्याकुट्ट झालेल्या, पण रंधा एकदा फिरवला की आतून तोच मधासारखा रंग. वय किती ते आबांनाही सांगता येत नाही. त्यांच्या आजोबांनी घर बांधलं एवढं ठाऊक आहे.

सॉमिलवाल्याने तुळई पाहिली आणि हात जोडले. "आधी खिळे काढून आणा." त्याचं बरोबर होतं, मशीनच्या पट्टीखाली एक खिळा आला की पट्टीचे दात जातात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून दोन दिवस तुळयांवर इंच इंच फिरवत बसलो. ३१ खिळे निघाले, आणि एका तुळईतून हाताच्या पंजाएवढी लोखंडी कडी. आखाजीला घरात झोका बांधायचे ती. कडीचं भोक एका फळीत राहिलंच, सागाचीच गोल खुंटी ठोकून ते बुजवलं.

या टप्प्यावर मला जो तो एकच गोष्ट सांगत होता. शेजारी, वखारीतला माणूस, शाळेतले सहकारी, सगळ्यांचं म्हणणं की एवढं जुनं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड. त्याला जे आकसायचं, वाकायचं, फाटायचं होतं ते कधीच होऊन गेलं. आता ते हलणार नाही. मलाही ते पटलं. शंभर वर्षं छपराखाली वाळलेल्या सागात ओल ती काय असणार? पुढचं सगळं या एका समजुतीतून निघालं, म्हणून ती इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

बांधणी थोडक्यात. पायांना भीत होतो. फ्रेमच्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायचं आणि पायात तेवढीच खोबण पाडायची, असे आठ जोड. पट्टीच्या जाडीचा तिसरा हिस्सा कुसवाला ठेवायचा, हा जुना नियम. एक इंचाच्या पट्टीला जेमतेम तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पटाशीने आठ खोबणी पाडायला नऊ दिवस लागले. पहिल्या दोन बघवत नाहीत, शेवटच्या दोन कुणालाही दाखवीन. ते आठही जोड आजतागायत तसूभर हललेले नाहीत.

टॉपचं काम त्यामानाने सोपं वाटलं होतं. फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ केल्या. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या आधी प्रत्येक कड थिनरने पुसली. फेविकॉल लावला. एवढे मोठे क्लॅम्प माझ्याकडे नव्हते. जमिनीवर दोन दांड्या पक्क्या करून मध्ये फळ्या ठेवल्या आणि दांडी न् फळीच्या फटीत समोरासमोर पाचरी ठोकून दाब दिला. दुसऱ्या दिवशी सात फळ्यांची एक फळी झाली होती, सांधा शोधावा लागत होता. मग ती वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या लावल्या. दोन इंच रुंद, टॉपच्या जवळजवळ पूर्ण रुंदीएवढ्या लांब. भरपूर फेविकॉल, आणि प्रत्येक फळीत दोन याप्रमाणे एका पट्टीला १४ स्क्रू. टॉप फ्रेमला पक्का करायला दहा लोखंडी एल-पट्ट्या, त्यांनाही गोल भोकांतून आवळलेले स्क्रू. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात. खालून काहीच नाही, खाली कोण बघतंय! पेन्सिलीने तेवढं खाली लिहिलं: १५-९-२४, ३४ इंच.

सात महिने टेबल झकास होतं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, मुलांचा गृहपाठ, आबांचा पेपर, सगळं त्यावर. ताटाखालून हळदीचे दोन डाग पडले, तेवढीच तक्रार.

२१ एप्रिलच्या रात्री साडेअकराच्या सुमारास काठी मोडावी तसा आवाज आला. दिवसा पारा चाळिशीच्या वर जाऊन आलेला, रात्रीही भिंतींना हात लावला तर कोमट. सकाळी बघतो तर एका टोकापासून सव्वादोन फूट लांब चीर. टोकाशी जवळपास दीड सूत रुंद, आत जाता जाता केसाएवढी. त्यातून खालची फरशी दिसत होती.

घरात लगेच तीन निकाल लागले. बायकोचा निकाल कूलरवर: "मार्चपासून ओला वारा खातंय ते, फुटणार नाही तर काय!" शेजाऱ्यांचा निकाल: फेविकॉल डुप्लिकेट असणार. माझा निकाल सगळ्यांत विद्वत्तेचा आणि सगळ्यांत चुकीचा: उष्णतेने प्रसरण. दरवर्षी वर्गात शिकवतो मी ते. रुळांच्या सांध्यात फट का ठेवत आले, आणि भुसावळ जवळ असल्यामुळे उदाहरण म्हणून रेल्वे तर तोंडात बसलेलीच.

चहा घेता घेता माझा निकाल मीच रद्द केला. लाकूड फुगलं असतं तर फळ्या एकमेकींवर दाबल्या गेल्या असत्या. इथे तर त्या एकमेकींपासून ओढल्या गेल्या होत्या. म्हणजे लाकूड फुगलं नव्हतं, आकसलं होतं. हिशोबही करून पाहिला. तापमान वीस अंशांनी वाढलं तरी ३४ इंच रुंदीच्या लाकडाचं उष्णतेने होणारं प्रसरण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आणि चीर होती पाच मिलिमीटरची, तीही उलट्या दिशेची.

फेविकॉलही निर्दोष निघाला. चीर सुरू झाली होती तिसऱ्या-चौथ्या फळीच्या सांध्यात खरी, पण फूटभर गेल्यावर तिने सांधा सोडला होता आणि चौथ्या फळीच्या अंगातून वाट काढली होती. तिथे सांधा शाबूत आणि लाकूड फाटलेलं. लाकडाच्या आधी चिकटा सुटत नाही, तिथे चिकट्याला काय बोल लावायचा?

कूलरचं प्रकरण मजेदार आहे. कूलर ज्या खिडकीत आहे त्या बाजूचं टोक अखंड होतं. चीर पडली होती त्याच्या विरुद्ध टोकाला, बैठकीच्या दाराकडे, जिथून दिवसभर कोरडी झळ आत येते. कूलर टेबल फोडत नव्हता, अर्धं टेबल वाचवत होता. हे मी घरात सांगितलं तेव्हा फारसं कुणी खूश झालं नाही.

मग टेपने रुंदी मोजली आणि खरा धक्का बसला. फुटलेल्या टोकाला टॉप अजूनही बरोबर ३४ इंचच होता. चीर दीड सुताची, तरी बाहेरची मापं जिथल्या तिथे. म्हणजे सात फळ्या मिळून दीड सूत कमी झाल्या होत्या, आणि कुणीतरी दोन्ही कडा बाहेर धरून ठेवल्या होत्या.

तो कुणीतरी कोण, हे त्याच दुपारी कळलं. गावचे मिस्तरी डोळे तपासायला जळगावात आले होते, ते चहाला आले. पंच्याहत्तरीचे आहेत, बैलगाड्या केलेला माणूस. चिरेकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. टेबलाच्या कडेवरून हात खाली घातला, आडवी पट्टी चाचपली, बोटाने स्क्रू मोजले आणि विचारलं, "कसाले इतला स्क्रू ठोकात, भाऊ?"

मी मेलेल्या लाकडाची थिअरी सांगितली. ते हसले आणि गाडीच्या चाकावर आले. गाडीचं चाक बाभळीचं, चांगलं वाळलेलं, त्याच्यावर लोखंडी धाव तापवून चढवलेली. तरी दर उन्हाळ्यात धाव ढिली पडतेच. मग गाडी नदीत नेऊन उभी करायची, चाक पाणी पितं आणि धाव पुन्हा घट्ट. चाक दहा वर्षांचं असो की तीस वर्षांचं, उन्हाळा आला की आकसणार, पाणी मिळालं की फुगणार. आमच्या गावातल्या जुन्या दारांचंही त्यांनी दाखवून दिलं. चौकटीच्या खाचेत फळी नुसती सरकवलेली असते, तिला चिकटा नाही की खिळा नाही. मी त्या दारांतून लहानपणापासून येजा करतोय. फळी बोटाने दाबली की हलते हे ठाऊक होतं. जुनं झालं म्हणून हलते असं वाटायचं.

आता हेच आकड्यांत. लाकडातली ओल आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेत राहते, लाकूड कितीही जुनं असो. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या घरात राहिली तर उघडं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलीवर येऊन थांबतं. आर्द्रता ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे भादव्यात पहिली हवा असते आणि वैशाखात दुसरीहूनही कोरडी. वाळून जुनं होणं म्हणजे झाडाची मूळची ओल कायमची जाणं. हवेची ओल घेणं-सोडणं त्याने बंद होत नाही.

ओल गेली की लाकूड आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. साग ओला असल्यापासून पुरता कोरडा होईपर्यंत वर्षाच्या गोल वळ्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. इतर बऱ्याच लाकडांपेक्षा हे कमी आहे, सागाला उगाच मान नाही. माझ्या फळ्यांत दोन्ही प्रकारच्या रेषा होत्या, म्हणून मधला आकडा धरला: एक टक्का ओल कमी झाली की ३४ इंच रुंदीत साधारण १.२ मिलिमीटर घट. दीड सुताची चीर म्हणजे ओल चारेक टक्क्यांनी उतरली, एवढंच. फार काही भयंकर घडलं नव्हतं. दर उन्हाळ्यात हे होणारच होतं.

भयंकर होतं ते खालचं बांधकाम. आडव्या पट्टीचे रेषे ३४ इंचांच्या दिशेने धावतात, म्हणजे त्या दिशेला ती आकसत नाही. वरच्या सात फळ्या त्याच दिशेला आकसू बघतात. मध्ये फेविकॉल आणि १४ स्क्रू. टॉपला दीड सूत आत यायचं होतं, पट्टी येऊ देत नव्हती. असला ताण शेवटी सगळ्यांत कमजोर रेषेवर निघतो. टेबल पक्कं व्हावं म्हणून जे जे जास्तीचं केलं, तेच फुटायला कारण झालं. आणि खालून पॉलिश नव्हतं, त्यामुळे खालची बाजू वरच्यापेक्षा लवकर सुकत होती, त्याची भर वेगळी.

हे शेवटचं दुरुस्तीच्या वेळी डोळ्यांनी दिसलं. २२ तारखेला एल-पट्ट्या सोडल्या, आडव्या पट्ट्यांचे स्क्रू काढले, पट्ट्या पटाशीने उचकटल्या. एक सरळ निघाली, दुसरी टॉपचे चार-पाच ढलपे घेऊन गेली. बंधन सुटताच टॉपने अंग टाकलं आणि दोन्ही कडा खाली झुकल्या, पालथ्या परातीसारख्या. खालची बाजू आकसलेली, वरची पॉलिशखाली झाकलेली, मग असंच होणार. वरचं पॉलिश घासून काढलं आणि टॉप पाच दिवस बोळीत सावलीला कडेवर उभा ठेवला, दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल असा. पाचव्या दिवशी सरळपट्टी लावून पाहिली तर बाक एका कागदाच्या जाडीएवढा उरला होता.

चिरेत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून मोकळं व्हावं असा सल्ला दोघांनी दिला. मिस्तरी नको म्हणाले. पावसाळ्यात लाकूड फुगेल तेव्हा ते भरलेलं दाबलं जाईल, पुढच्या उन्हाळ्यात बाजूला नवी चीर. म्हणून चिरेच्या वाटेने टॉप पूर्ण उभा फाडला, कडा पुन्हा रंधल्या आणि नव्याने जोडल्या. यात अर्धा इंच रुंदी गेली, राहिले साडेतेहतीस. चिकटवायचं काम पहाटे पाचला केलं, कारण त्या उन्हात दुपारी फेविकॉल लावून फळी उचलेपर्यंत त्यावर साय धरते. मग पॉलिशचे दोन हात, या वेळी वर-खाली दोन्हीकडे, आणि फळ्यांच्या टोकांना एक हात जास्त. ओल सगळ्यांत वेगाने येते-जाते ती टोकांतूनच.

पायांचं पॉलिशही घासलं होतं, त्यांना जवसाचं तेल लावलं. एक इशारा इथेच देतो. त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि ढिगातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. एकेक चिंधी तारेवर पसरून वाळवायची, मगच फेकायची.

टॉप फ्रेमला जोडायची पद्धत पूर्ण बदलली. एल-पट्ट्या भंगारात. फ्रेमच्या पट्ट्यांना आतून, वरच्या कडेपासून चार सूत खाली, एक सलग खाच पाडली. सागाचे दहा छोटे गुटके केले, प्रत्येकाला पुढे एक जीभ. जीभ खाचेत, गुटक्याचं अंग टॉपला एका स्क्रूने. टॉप खाली दाबून धरला जातो, पण आडवा सरकायला मोकळा. दोन तोकड्या बाजूंच्या मधोमध एकेक गुटका तेवढा पक्का, म्हणजे टॉप मधून दोन्हीकडे सारखा फुगेल-आकसेल. आडवी पट्टी आता एकच, मध्यावर, बिनचिकट्याची. तिच्या मधल्या स्क्रूचं भोक गोल, बाकीची लांबट.

यात मी जवळजवळ पुन्हा फसलो होतो. लांबट भोकांत स्क्रू सवयीने मधोमध ठेवत होतो. पण काम चाललं होतं एप्रिलअखेर, टॉप वर्षातल्या सगळ्यांत अरुंद दिवसांत. इथून पुढे तो बहुतेक बाहेरच जाणार. म्हणून स्क्रू भोकाच्या आतल्या टोकाजवळ हवा आणि लांब बाजूंच्या गुटक्यांची जीभ खाचेत थोडीच आत, पुढे सरकायला जागा ठेवून. हेच टेबल भादव्यात बसवलं असतं तर सगळं उलट. टेबल कोणत्या महिन्यात बसवता त्यावर स्क्रूची जागा ठरते, हे मला कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं दिसलं नव्हतं. ते व्हिडिओ करणाऱ्यांचे उन्हाळे बहुधा आमच्यासारखे नसतात.

२९ तारखेच्या संध्याकाळी टेबल उभं राहिलं. आखाजीला घागर पुजून झाल्यावर सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस त्यावरच मांडला. पॉलिशचा वास अजून जात नव्हता, आई त्यावरून बोललीच. थोरल्या बहिणीने चौथ्या फळीतल्या त्या गोल खुंटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही झोक्याची कडी ना रे?"

खर्च: दुरुस्तीला पॉलिश, पॉलिश पेपर आणि स्क्रू मिळून नऊशे रुपयांच्या आत. वेळ आठ दिवस, शाळा सकाळची होती म्हणून जमलं. पहिल्यांदाच लांबट भोकं पाडली असती तर त्याला लागला असता अर्धा तास.

एक प्रयोग सोबत चालू ठेवला आहे. त्याच तुळईचा एक उघडा तुकडा, बिनपॉलिशचा, फ्रिजवर असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो २९ एप्रिलला ६१२ ग्रॅम भरला. ५ ऑगस्टला ६४० ग्रॅम. त्याला कुणी पाणी दाखवलं नव्हतं. २८ ग्रॅम पाणी त्याने जळगावच्या हवेतून घेतलं. नववीच्या वर्गात हा तुकडा आता मी घेऊन जातो, रुळांच्या धड्यानंतर लगेच.

त्याच ५ ऑगस्टला टेबलाखाली शिरून टेप लावला. साडेतेहतीस इंचांवर सव्वा सूत वाढ. लांब बाजूंच्या गुटक्यांच्या जिभा खाचेत अर्ध्या सुताहून थोड्या जास्त आत गेलेल्या, मधले दोन जागच्या जागी. सांधे बंद, टॉप सपाट. पेन्सिलीने तारीख आणि माप आधीच्या दोन नोंदींखाली लिहिलं. पुढची नोंद दिवाळीनंतर, थंडी कोरडी पडली की.